खुनी सापडतो, पुढचं पुस्तक सापडत नाही

पत्र

मी ५४ वर्षांची आहे. गेली वीसेक वर्षं फक्त गुन्हेकथा वाचत आले. आवडत्या लेखिकेची सगळी पुस्तकं संपली, काही तर तीन-तीनदा वाचून झाली. गेल्या आठ महिन्यांत पाच नव्या कादंबऱ्या अर्ध्यावर सोडल्या. पाचांतही तेच: घटस्फोट झालेला, पिणारा इन्स्पेक्टर, जंगलात सापडलेलं प्रेत आणि शेवटच्या वीस पानांत धक्का. भाच्यानं एक विज्ञानकादंबरी दिली होती. ती तिसाव्या पानावर मिटली, कारण माणूस कोण, यंत्र कोण, हा ग्रह कुठला, काहीच उमगेना. मैत्रीण म्हणते, रोमान्स वाच. पण त्यात शेवट आधीच ठाऊक असतो, आणि या वयात तसलं पुस्तक हातात धरायचा संकोच वाटतो. हल्ली रात्री एक जुनीच कादंबरी काढते. तिच्यातला खुनी मला पाठ आहे. तरी तो इन्स्पेक्टर आणि त्याच्या हाताखालची ती पोरगी गाडीत बसून बोलतात, तेवढी पानं वाचते आणि झोपते. माझं वाचन संपलं का हो?

उत्तर

ताई,

नाही, संपलेलं नाही. ज्याचं वाचन संपतं तो पुस्तक न उघडताच झोपतो. तुम्ही आठ महिन्यांत पाच नवी पुस्तकं उघडलीत, ती का आवडली नाहीत हे एका वाक्यात नेमकं सांगितलंत, आणि सहावं सापडेना म्हणून पत्र लिहिलंत. तुमची भूक शाबूत आहे.

गाडीतल्या त्या संभाषणाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. खुनी पाठ, पुरावे पाठ, तरी तुम्ही नेमकी तीच पानं उघडता. मग तुम्हाला बांधून ठेवणारी गोष्ट खुनाचं कोडं कशी असेल? सोडवून झालेलं शब्दकोडं कुणी उशाशी घेऊन झोपत नाही. तुम्हाला धरून ठेवलंय त्या दोन माणसांनी. एक वरिष्ठ, एक नवखी. कामाच्या निमित्तानं एका गाडीत बसावं लागलेली, सुरुवातीला एकमेकांवर भरवसा नसलेली आणि हळूहळू एकमेकांना कळत गेलेली. वीस वर्षं तुम्ही स्वतःला गुन्हेकथेच्या वाचक म्हणवत आलात. मला वाटतं, तुम्हाला ही जोडी आवडते, आणि ती तुम्हाला पहिल्यांदा गुन्हेकथेत भेटली एवढंच.

हे एकदा मान्य केलं तर पुढचं पुस्तक शोधायची दिशाच बदलते, म्हणून यावर थोडं थांबते.

नॅन्सी पर्ल नावाच्या एक अमेरिकन ग्रंथपाल आहेत. वाचकाला पुढचं पुस्तक काय द्यायचं, या एका प्रश्नावर त्यांनी खूप विचार केला. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. चारही दारं प्रत्येक पुस्तकाला असतात, पण एखादं सताड उघडं असतं आणि एखादं जेमतेम किलकिलं. काही वाचक गोष्टीच्या दारानं येतात. पुढे काय झालं हे कळेपर्यंत त्यांना झोप लागत नाही. काहींना बर्फाळ बेट किंवा जुनं बंदर दिसलं की पुरतं, तिथे काय घडतं हे नंतर. तुम्ही माणसांच्या दारानं येणाऱ्या आहात. आणि गेले आठ महिने तुम्हाला जी पुस्तकं मिळाली, ती गोष्टीचं दार सताड उघडून बसलेली होती. शेवटच्या वीस पानांतला धक्का हे त्याच दाराचं तोरण. तिथून तुम्हाला आत शिरावंसं वाटलं नाही, यात तुमचा दोष नाही आणि त्या पुस्तकांचाही नाही.

ती पाच पुस्तकं तुम्हाला कुणी सुचवली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण अशी एकसारखी पाच मिळतात तेव्हा ती बहुधा ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ अशा यादीतून आलेली असतात. ती यादी काढणाऱ्या यंत्रणेला पुस्तकाच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. कुणी कशासोबत काय घेतलं, याचा हिशेब ती मांडते. साहजिकच सर्वात जास्त लोकांनी घेतलेलं पुस्तक सगळ्यांच्याच यादीत वर येतं, वर आलं म्हणून आणखी लोक ते घेतात, आणि मग प्रकाशकही तसलंच छापतात. ‘मला ती गाडीतली पानं आवडतात’ हे तिला सांगायची सोयच नाही. माणसाला मात्र सांगता येतं. ग्रंथालयात गेलात तर ‘गुन्हेकथा द्या’ म्हणू नका. ‘दोन अनोळखी माणसांना नाइलाजानं एकत्र काम करावं लागतं आणि त्यातून त्यांचं नातं घडतं, असं काही आहे का? खून असला तरी चालेल, नसला तरी चालेल,’ असं विचारा. चांगला ग्रंथपाल हे ऐकून कुठल्या कपाटाकडे वळतो, तेवढं बघा. तो गुन्हेकथांच्या कपाटाकडे वळेलच असं नाही.

तुमच्यासाठी मी मुद्दाम अशी दोन पुस्तकं निवडली आहेत, जी दोन प्रकारांच्या सीमेवर उभी आहेत.

पहिलं आयझॅक आसिमॉव्हचं ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’, १९५४ सालचं. जॉन कॅम्पबेल हे त्या काळी विज्ञानकथांचे फार वजनदार संपादक होते. विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदू शकत नाहीत, असं त्यांचं मत होतं. भविष्यातला गुप्तहेर अडचणीत आला की खिशातून एखादं नवीन यंत्र काढून कोडं सोडवेल, मग वाचकाशी प्रामाणिकपणा कुठे राहिला? आक्षेप खरा होता. आसिमॉव्हनं कादंबरी लिहूनच त्याला उत्तर दिलं. त्यानं त्या जगाचे नियम आधी वाचकासमोर मांडले आणि मग त्या नियमांच्या आतच खून सोडवला. पण तुम्हाला हे पुस्तक सुचवायचं कारण वेगळं आहे. यात इलायजा बेली नावाचा एक पोलीस अधिकारी आहे. त्याला यंत्रमानवांची मनापासून चीड आहे, आणि तपासात जोडीदार म्हणून त्याच्या गळ्यात एक यंत्रमानवच बांधला जातो. हुबेहूब माणसासारखा दिसणारा. ताई, ही तुमचीच जोडी आहे. फक्त गाडी वेगळी.

दुसरं डोरोथी सेयर्सचं ‘स्ट्राँग पॉइझन’, १९३० सालचं. हॅरिएट व्हेन नावाची एक रहस्यकथालेखिका पूर्वीच्या प्रियकराला विष घातल्याच्या आरोपावरून न्यायालयात उभी आहे. लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर तिला तिथे पाहतो, ती निर्दोष आहे असं ठरवतो आणि तिच्या प्रेमात पडतो. इथे घाईघाईत लिहिणाऱ्या लेखकानं खटला सुटताच लग्न लावून दिलं असतं. सेयर्स तसं करत नाही. ज्यानं आपला जीव वाचवला त्याच्याशी बरोबरीच्या नात्यानं कसं राहायचं, हा हॅरिएटचा प्रश्न आहे, आणि उपकारातून प्रेम करायला तिची तयारी नाही. हा प्रश्न पुढे आणखी तीन कादंबऱ्यांत, १९३७ पर्यंत चालतो. त्यातल्या १९३५ च्या ‘गॉडी नाइट’मध्ये तर खूनच नाही. एका महिला महाविद्यालयात कुणीतरी निनावी, विखारी पत्रं टाकतंय, एवढंच रहस्य. तरी ते पुस्तक हातातून सुटत नाही. गुन्हेकथा कुठे संपली आणि प्रेमकथा कधी सुरू झाली, याची रेघ वाचताना मला दाखवता आली नव्हती. या चार कादंबऱ्या क्रमानंच वाचा. मधूनच उचलाल तर हॅरिएटचा नकार नुसता हट्टीपणा वाटेल.

आता रोमान्सबद्दल. ‘शेवट आधीच ठाऊक असतो, मग वाचायचं काय?’ असं तुम्ही विचारता. उलट मी विचारते, गुन्हेकथेत खुनी सापडणार हे तुम्हाला पहिल्या पानावर ठाऊक नसतं का? वीस वर्षं ते ठाऊक असूनच तुम्ही वाचलंत. प्रत्येक प्रकार वाचकाला एक वचन देतो. गुन्हेकथेचं वचन असं, की जे विस्कटलं त्याचा उलगडा होईल. रोमान्सचं वचन असं, की ही दोघं एकमेकांपर्यंत पोचतील. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या, १९८० साली सुरू झालेल्या संघटनेनं आपल्या व्याख्येत दोनच अटी घातल्या: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि मनाला समाधान देणारा, आशेचा शेवट. बाकी सगळं मोकळं. काळ कुठलाही, देश कुठलाही, वय कुठलंही. शेवट ठरलेला आहे म्हणूनच लेखकाला सगळी ताकद मधल्या वाटेवर लावावी लागते: ही दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत, आणि ती अडचण खरोखर अडचण वाटते का? अडचण तकलादू असेल, दोघांनी पाच मिनिटं नीट बोलून मिटण्यासारखी असेल, तर पुस्तक पडलं. खरी असेल तर ते कुठल्याही तपासाइतकं ओढून नेतं.

आणि खुनी पाठ असलेलं पुस्तक तुम्ही रोज रात्री उघडता. शेवट ठाऊक असणं तुमच्या आनंदाच्या आड येत नाही, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

संकोच मी हसण्यावारी नेणार नाही. तो खरा असतो, आणि वेगळ्या वाटेला जाताना मोठमोठ्यांनीही आडपडदा ठेवला आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्तीनं १९३० ते १९५६ या काळात मेरी वेस्टमॅकॉट या नावानं सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत ना तिचा गुप्तहेर पॉयरो, ना प्रेतं. विवाह, आई-मुलीचं नातं, स्वतःशी केलेली फसवणूक असले विषय. ते नाव तिचं आहे हे तिनं जवळजवळ वीस वर्षं बाहेर कळू दिलं नाही. या कादंबऱ्या वर सांगितलेल्या व्याख्येत चपखल बसत नाहीत, शेवट नेहमी गोड नसतो. पण गुन्हेकथेच्या वाचकाला मनाच्या गुंत्याकडे वळायला त्या चांगल्या. आणि रोमान्सच हवा असेल तर रोमान्सच्या वाचकांनी स्वतःच एक उत्तम सोय करून ठेवली आहे. ते पुस्तकं लेखकाच्या नावानं कमी आणि नात्याच्या पेचावरून जास्त शोधतात. आधी शत्रू मग प्रेमी, वर्षांनंतर पुन्हा भेटलेली, कामापुरती एकत्र आलेली, मैत्रीतून प्रेमाकडे गेलेली. इंग्रजीत याला ट्रोप म्हणतात. तुम्ही ‘कामापुरती एकत्र आलेली’ इथून सुरुवात करा. पन्नाशीतल्या नायक-नायिकांच्या कादंबऱ्याही आहेत, त्या वेगळ्या मागा. वाचताना वेष्टण चढवावंसं वाटलं तर खुशाल चढवा, त्यात काही बिघडत नाही.

भाच्याच्या पुस्तकाकडे येते. तिसाव्या पानावर काहीच उमगेना म्हणून तुम्ही थांबलात. विज्ञानकथेत पहिल्या तीस पानांत बहुतेकदा असंच होतं, आणि ते मुद्दाम केलेलं असतं. चांगला विज्ञानकथाकार आपलं जग समजावून सांगत बसत नाही. तो पात्रांना त्या जगात नेहमीसारखं वागू देतो आणि आपल्याला अंदाज बांधायला लावतो. इथे पाण्याचं माप घालून वाटप होतं, म्हणजे पाणी दुर्मीळ असणार. ही बाई आरशासमोर थबकली, म्हणजे तिचं शरीर नुकतंच बदललेलं असणार. याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? पुरावे गोळा करणं! गुन्हेकथेत तुम्ही माणसाबद्दलचे पुरावे गोळा करता, इथे सगळ्या जगाबद्दलचे. हे कसब तुमच्यात वीस वर्षं मुरलेलं आहे. तुम्हाला इतकंच कुणी सांगितलं नव्हतं, की इथेही तेच लागतं.

मी स्वतः विज्ञानकादंबरी वाचताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं न कळलेले शब्द लिहून ठेवते, पुढे फक्त माझा अंदाज. पन्नासेक पानांत निम्म्या शब्दांवर काट मारता येते. ज्या कादंबरीत एकावरही मारता येत नाही ती मी सोडून देते.

कादंबरीआधी कथा वाचल्यात तर आणखी सोपं. विज्ञानकथेचं कुळच मासिकांतलं. ह्यूगो गर्न्सबॅकनं १९२६ साली फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं या प्रकारातल्या कल्पना आधी कथेत आल्या, मग कादंबरीत. मराठीतही तसंच. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, म्हणजे स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. तुमच्यासारख्या वाचकाला नारळीकर सुरुवातीला चांगले, कारण त्यांची कथा बहुधा ओळखीच्या जगात, ओळखीच्या माणसांत सुरू होते आणि तिथून एकच गोष्ट सरकवते. माणसांच्या दारानं येणाऱ्याला तिथे पाय ठेवायला जागा मिळते. संपादित संग्रह मिळाला तर अधिकच छान. वीस लेखकांतला एक आवडला की पुढचा शोध त्याच्या नावावर.

गुन्हेकथाही सोडू नका. तो पिणारा, घटस्फोटित इन्स्पेक्टर तुम्हाला पाच वेळा भेटला, तो नकलेची नक्कल होता. त्याचं मूळ शोधायचं तर माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्यापर्यंत जायला हवं. १९६५ ते १९७५ या काळात दोघांनी मिळून दहा कादंबऱ्या लिहिल्या. दहाच लिहायच्या हे आधीच ठरलं होतं, आणि दहा मिळून एक लांब गोष्ट व्हावी असा बेत होता. त्यात मार्टिन बेक हा पोलीस अधिकारी आहे, पण तो एकटा नाही. पोलिसांचा अख्खा गट आहे, कुरबुरी करणारा, कंटाळणारा, एकमेकांना सांभाळून घेणारा. बेकचा संसार पुस्तकागणिक कसा विरत जातो ते इतक्या हळू येतं, की घटस्फोट हा तिथे शिक्का वाटत नाही. मूळ वाचलं की नकलेचा राग निवळतो. दहा पुस्तकं, म्हणजे तुमचा हिवाळा निघाला.

जपानी ‘होनकाकू’, म्हणजे निखळ तर्काची, बंद खोलीत खून आणि वाचकाला सगळे पुरावे चोख देणारी कादंबरी, हल्ली भाषांतरातून खूप मिळते आणि तिची तारीफही खूप होते. मला ती फार आवडते. तरी तुम्हाला आत्ता सुचवणार नाही. तिथे माणसं बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखी असतात. मजा पटावरच्या चालींची असते. तुम्ही सहावं पुस्तक अर्ध्यावर सोडाल.

भाषांतरावरून एक आठवलं. परभाषेतलं पुस्तक आवडलं तर भाषांतरकाराचं नावही टिपून ठेवा. चांगला भाषांतरकार आपल्या आवडीचीच पुस्तकं हाती घेण्याची धडपड करतो, त्यामुळे त्याच्या नावावरून शोधलं की त्याच जातकुळीचं दुसरं काही सापडतं. आणि पुस्तक रटाळ वाटलं तर दोष लेखकाचाच असेल असं धरून चालू नका. स्टॅनिस्लॉ लेमची ‘सोलारिस’ ही १९६१ ची पोलिश कादंबरी इंग्रजीत १९७० साली आली ती थेट पोलिशवरून नाही, तर फ्रेंच भाषांतरावरून. मूळ पोलिशवरून इंग्रजी भाषांतर यायला २०११ उजाडलं. मधली चाळीस वर्षं इंग्रजी वाचक लेमच्या भाषेबद्दल जे काही बोलत होते, ते दोन हातांतून गाळून आलेल्या भाषेबद्दल होतं.

नवं शोधायला बक्षिसांच्या याद्याही बघा, पण विजेत्यावर थांबू नका. विजेता बहुतेकांना पसंत पडलेला असतो. अंतिम यादीतल्या इतर नावांत एखादं विचित्र, हट्टी, अगदी तुमच्यासाठी लिहिल्यासारखं पुस्तक दडलेलं असतं. ह्यूगो पुरस्कार विज्ञानकथेच्या जागतिक संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः वाचकच, मतदानानं देतात. नेब्युला हा विज्ञानकथांचाच दुसरा पुरस्कार, तो लेखक देतात. एकाच वर्षाच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की वाचकांना काय भावतं आणि कसबी माणसांना काय, ते दिसतं. अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांचा एडगर पुरस्कार १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा कादंबऱ्यांसाठी एकच बक्षीस होतं, आणि ते पहिल्या कादंबरीला. तो विभाग अजून चालू आहे. ठरावीक साच्याला कंटाळलेल्या वाचकानं तिथे जरूर डोकावावं, कारण पहिल्या कादंबरीच्या लेखकाला अजून आपला साचा सापडलेला नसतो.

शेवटचं, सोडून देण्याबद्दल. नॅन्सी पर्लचाच नियम आहे: पन्नाशीपर्यंतच्या वाचकानं पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत, पन्नाशी उलटली की शंभरातून वय वजा करावं, जे उरेल तितकीच पानं. तुमच्या वाट्याला ४६ येतात.

भाच्याचं पुस्तक तुम्ही तिसाव्या पानावर मिटलंत, म्हणजे त्याची सोळा पानं तुमच्याकडे बाकी आहेत. ते परत देऊ नका. आधी बेली आणि त्याच्या यंत्रमानवासोबत आठवडाभर काढा. मग भाच्याचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडा, पेन्सिल घेऊन. ४६ व्या पानावर यादीतल्या किती शब्दांवर काट मारलीत, तेवढं मला कळवा.